उजव्या हाताचा नकाशा

आमच्याकडे उजवं म्हणजे नुसता उजवा हात नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ ह्या एका शब्दाने घातला, आणि तो लोकांना समजावता समजावता माझं तोंड दुखायची वेळ आली.

गावात कुणाला काही मोठं करायचं असलं, म्हणजे लग्न, विहीर, घर, तर आधी देवाचा कौल घेतात. महादू गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, आणि मग प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. म्हातारे लगेच म्हणतात, ‘उजवो दिल्यान.’ डावीकडची पडली तर विषय संपला, घरी जाऊन पेज जेवायची.

आता मला काय हवं होतं ते सांगते. मला घर हवं होतं. माझं, दाराला माझी कडी असलेलं.

लग्न झाल्यापासून मी थोरल्या दिरांच्या घरात मागल्या खोलीत राहत होते. जाऊबाई, सुशीला, वाईट नाही. तिची जीभ माझ्याइतकीच तिखट, त्यामुळे आमचं जमतं. पण चूल तिची, तुळस तिची, अंगणात शेण सारवायचं ते तिच्या मर्जीने. आणि आमचे हे, गंगाराम, मुंबईच्या गोदीत. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, जमलं तर मे महिन्यात आंब्याच्या वासाने यायचे. बाकीचं वर्ष मी एका माणसाची बायको आहे हे मला कुंकवावरून आठवायचं. हसण्यावारी नेते म्हणून कुणी समजू नये की सोपं होतं. मला त्यांची आठवण यायची, रोज यायची, आणि सगळ्यात जास्त जेवताना यायची, कारण त्यांना माशाचं डोकं लागतं आणि मला ते खाता येत नाही.

खाडीकाठी आमचं भाट आहे. भाट म्हणजे माडांची बाग, पार पाण्याला टेकलेली. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत हे मला तिथे घेऊन गेले आणि चपलेच्या टाचेने मातीत रेघा ओढल्या. ही पडवी, हे माजघर, हे देवघर, हे तुझं स्वयंपाकघर, तोंड खाडीकडे. मी हुरळून सरळ देवघराकडे निघाले तर मागून ओरडले, ‘गो, भिंतीतसून काय जातंस? दारातसून ये!’ मी परत बाहेर गेले आणि दारातून आले. काय सांगू, तेव्हा माझं वय ते काय होतं. त्यानंतर दर गणपतीला आम्ही दोघं आमच्या त्या नसलेल्या घरी जाऊन यायचो. पावसात रेघा पुसायच्या, हे नव्याने काढायचे. एका वर्षी न्हाणीघर वाढलं. एका वर्षी ओमकार झाला म्हणून एक खोली वाढली. ओमकार आता बंगळुरात नोकरीला आहे, त्याची खोली रेघांचीच राहिली.

बांधलं का नाही, असं कुणीही विचारेल. भावाभावांच्या वाटण्या व्हायच्या होत्या. कोकणात वाटण्या म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गोदीतून सुटल्यावरही हे मुंबईतच एका गोदामावर राखणीला राहिले. मी म्हटलं, आता तरी या. तर म्हणाले, ‘येवन रवतलंय खंय? वैनीच्या पडवेत?’ गेल्या वर्षी एकदाच्या वाटण्या झाल्या, भाट आमच्या नावावर आलं, आणि ह्यांनी फोनवर सांगितलं, ‘आता महादूक सांगान कौल लाव. उजवो मेळलो काय दुसऱ्या दिवशी हयसून सुटतंय.’

सोमवारचा दिवस ठरला. आणि शनिवारी महादूच्या भावकीत एक म्हातारी गेली. झालं. महादूला सुतक, कौल पुढे. मी देवळाच्या पायरीवर उभी राहून त्या म्हातारीला मनातल्या मनात जे बोलले ते इथे सांगत नाही, गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं.

पण सोमवारी देऊळ रिकामं नव्हतं. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. बायकांची राखीव जागा आली तेव्हा ही गप बसेल म्हणून मला उभं केलं असावं. फसले. तर त्या दिवशी देवळाच्या मंडपात गावाच्या पंचवीस वर्षांच्या आराखड्याची सभा होती. रस्ता कुठून न्यायचा, पाण्याची टाकी कुठे, नवीन घरं कुठे, हे सगळं आज ठरवून ठेवायचं. त्यासाठी पुण्याच्या एका संस्थेची मुलगी आली होती, संचिता. सहा महिने गावात येत-जात होती. विहिरींचं पाणी बाटलीत भरून न्यायची, भरतीला खाडीवर जाऊन उभी राहायची, म्हाताऱ्यांना जुन्या पुरांबद्दल विचारायची. पोरगी गोड होती. म्हणून तर मला तिचा राग नीट धरता येईना.

तिने मंडपाच्या दोन खांबांना दोन मोठे नकाशे बांधले. दोन्ही आमच्याच गावाचे, तीस-चाळीस वर्षांनंतरचे. पाणी येण्याची भीती जिथे जास्त, तिथे निळा रंग. डाव्या खांबावरच्या नकाशात निळा रंग खाडीच्या कडेकडेने होता, साडीच्या काठासारखा. उजव्या खांबावर तो पार आत शिरला होता. माझं भाट त्यात पूर्ण बुडालं होतं. मी चष्मा पुसून परत बघितलं. भाट तिथेच होतं, निळं.

‘हे भविष्य नाही हं काकू,’ ती माझ्याकडे बघून म्हणाली. ‘अंदाज आहेत. जगाने धूर सोडणं आवरलं तर डावीकडचं होईल. नाही आवरलं तर उजवीकडचं.’

‘मग दोन कशाला आणलेस?’ मी म्हटलं. ‘खरा कुठचा तो एकच आणायचास.’

सगळे हसले. ती नाही हसली. म्हणाली, ‘खरा कुठचा ते कुणालाच माहीत नाही. पण तुम्ही काय बांधताय त्यावर कुठचा धरायचा ते ठरवता येतं. भाजीचा मळा करायचा असेल, होडी घ्यायची असेल, तर डावा धरा. चुकलं तर पुढच्या वर्षी बदलता येतं. पण घर, विहीर, रस्ता ही पन्नास-साठ वर्षांची कामं. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. त्यांना उजवा धरा.’

आमचा सरपंच देवेश, तरणा मुलगा आहे, उठून म्हणाला, ‘मंडळी, मगे सांगा. घरांक आणि रस्त्याक खंयचो नकाशो धरूचो? डावो काय उजवो?’

आणि मागून बाबली उठला. बाबलीचं घर खाडीच्या सगळ्यात जवळ, आणि कान दोन वर्षांपूर्वीच गेलेले. त्याला एवढंच ऐकू आलं. हात जोडून मोठ्याने म्हणाला, ‘उजवो दिल्यान? बरा झाला! पाव रे महाराजा!’

मंडपात असा हशा उठला की पारावरची कुत्री भुंकायला लागली. संचिताला काही कळेना, देवेशने तिला समजावलं तेव्हा तीही हसली. त्यानंतर जो तो तोच शब्द बोलू लागला. उजवो, उजवो, घरांक उजवो. हसता हसता हात वर गेले आणि ठरून गेलं की निळ्या रेघेच्या खाली आता नवीन घर नाही. नवीन घरं वर सड्यावर. पंचायत रस्ता आणि पाणी वर नेणार.

सडा म्हणजे गावाच्या माथ्यावरचा कातळ. उन्हात तापतो, वाऱ्यात सोलून काढतो, म्हशी चरायला सोडतात तिकडे. आमच्यात माणूस फार रागावला की म्हणतो, जा, सड्यार जावन मर.

माझाही हात वर होता. खोटं कशाला बोलू, तो वर जाताना मला जड झाला. पण तौक्तेच्या वादळात खाडीचं पाणी बाबलीच्या चुलीत शिरलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. त्याची सून विटांवर उभी राहून पोराला डोक्यावर धरून होती. आणि गेल्या उन्हाळ्यात भाटातल्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. त्या घरात रेंज यायची ती फक्त गोठ्याच्या मागे, तेही एका पायावर उभं राहिलं तर.

‘काय झाला गो? उजवो काय डावो?’

गावाच्या ग्रुपवर देवेशने सभेचे फोटो टाकले होते. मला वाटलं, ह्यांनी बघितले. माझ्या डोक्यात दिवसभर तेच चाललेलं. मी म्हटलं, ‘उजवो. सगळ्यांनी उजवोच धरल्यानी. माका पण…’

पुढचं कोण ऐकतो! पलीकडे ह्यांनी फोन तसाच हातात ठेवून आरोळी मारली, ‘आयकलास काय रे! उजवो दिल्यान!’ आणि मग मला जे ऐकू आलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. हे रडत होते. गोदीत आयुष्य काढलेला माणूस, सासूबाई गेल्या तेव्हा नाही रडला. नाक ओढत म्हणाले, ‘सुगंधा, मी येतंय गो.’ आणि रेंज गेली.

कौलाला सुतक आडवं आलं हे मी ह्यांना सांगितलंच नव्हतं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. ‘अवो, आयका, तो उजवो म्हणजे…’ तर म्हणाले, ‘देवाचा बोलणा फोनार नको. मी येतंय, मगे सगळा सांग.’ तिसऱ्या दिवशी सुशीला जाऊबाई सांगत आल्या की भावोजींनी नोकरी सोडली, खोली सोडली, गाडीत बसले. कुणी म्हणेल, तू जोर करून सांगायला हवं होतंस. म्हणोत. माणूस घरी येतोय हे ऐकल्यावर त्याला नको येऊ म्हणून सांगायला जीभ उचलावी लागते. माझी नाही उचलली. येऊ दे, म्हटलं, आधी येऊ तर दे.

कणकवली स्टेशनवर मी घ्यायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी, आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी गोल, ते कुणाला धरायला देईनात. रिक्षात बसल्यावर सोडून दाखवलं. मोडीत निघालेल्या बोटीची खिडकी होती. गोल, जाड काचेची, पितळेची कडी असलेली.

‘पडवेत लावया,’ म्हणाले. ‘खाडीच्या बाजूक. तू चाय घेवन थंयसर बसलंस काय बोटीत बसल्यासारख्या वाटात.’

मी बाहेर बघत राहिले. कासार्डे गेलं, काजूच्या बागा गेल्या... छे, कासार्डे कुठलं, ते उलट्या बाजूला. बघा, अजून आठवलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. कुठचा रस्ता, कुठची गावं, मला काही दिसत नव्हतं. हे बोलत होते आणि मला वाटत होतं रिक्षा कधी पोचूच नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आम्ही भाटात गेलो. ह्यांनी काठी घेतली आणि परत रेघा ओढल्या, ह्या वेळी दोरी लावून, सरळ. मग खिडकी दोन्ही हातांनी उचलून जिथे लावायची तिथे धरून उभे राहिले.

‘ये गो, बघ.’

मी बघितलं. काचेतून खाडी दिसत होती, भरतीची, एक होडी चालली होती, पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे वाळत घातले होते. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते सगळं त्या पितळेच्या गोलात बसलं होतं. मला तिथेच चूल मांडावीशी वाटली. आणि मग मी सांगितलं. सुतकाचं सांगितलं, नकाशाचं सांगितलं, विहिरीच्या पाण्याचंही सांगितलं.

हे सगळं ह्यांनी खिडकी धरूनच ऐकलं. मग ती माडाच्या बुंध्याशी ठेवली आणि कडाडले, ‘तू माका म्हटलंस उजवो दिल्यान!’

‘मी दिल्यान नाय म्हणूक! धरल्यानी म्हटलंय, धरल्यानी! नकाशो!’

‘नकाश्याक कोणी उजवो म्हणता?’

‘तो उजव्या खांबार होतो, मगे काय डावो म्हणू?’

आता आठवून हसू येतं. तेव्हा नाही आलं. दोघं म्हातारे माडाखाली कोंबड्यांसारखे एकमेकांच्या अंगावर जात होतो. शेवटी ह्यांचा आवाज बसला. जमिनीवर बसले, म्हणाले, ‘गो, मी काय पन्नास वर्सां जगतलंय? माझ्या जल्मात पाणी येवचा नाय. दहा वर्सां गावली तरी पुरे.’

हेच मला सगळ्यात जास्त लागलं, कारण मीसुद्धा रात्रंदिवस हेच म्हणत होते स्वतःशी.

‘आपण मेलंव तरी घर मराचा नाय,’ मी म्हटलं. ‘हय एकदा गणपती बसवलो काय मगे तो हलवूक येता? ओमकाराक दर वर्सा हयच येवचा लागतला, तेच्या पोरांक येवचा लागतला. पाण्यात उभ्या रवान आरती करतले?’

गणपतीचं नाव काढल्यावर काठीने माती टोचत बसले. घरचा गणपती ज्या घरात बसला तिथेच बसतो, हे त्यांना मी सांगायला नको होतं. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, ‘देवेश तुझा आयकता. आपल्या भाटाचो वरचो कोनो रेघेच्या अगदी कडेक आसा. तेका सांग, रेघ जरा खाली घी.’

‘सांगलंय तर तो घेतलो,’ मी म्हटलं. ‘म्हणानच सांगूचंय नाय. माझ्यासाठी घेतल्यान काय उद्या बाबलीचो पोरगो येतलो, आणि परवा आणखी कोण.’

‘मगे तुका ह्या घर नको,’ म्हणाले.

असं म्हणाले मला! मी उठले आणि माडाला तोंड लावून रडले. राग होता त्यात, नुसतं दुःख नव्हतं. मला नको? मी दर वर्षी भिंत चुकवून दारातून येणारी बाई!

ह्यांनी ट्रंक उघडली नव्हती. त्या दिवशीही नाही उघडली. ‘महादूचा सुतक फिटला काय कौल लावया,’ म्हणाले. ‘भाटाचो उजवो दिल्यान तर कोण काय म्हणता ता बघतलंय. डावो दिल्यान तर मी परत जातंय. गोदामवालो माका केवा पण घेता. सड्यार म्हशींवांगडा, म्हशींच्या सोबतीन रवाक मी इलंय नाय.’

मला हे सरळ सरळ दिसत होतं. उजवा लागला तर हे पाण्यात घर बांधणार आणि मी पंचायतीत तोंड दाखवू शकणार नाही. डावा लागला तर हे जाणार. पाकळी कुठचीही पडो, माझं घर पडणारच होतं. आणि मला घरापेक्षाही हे हवे होते. त्या ट्रंकेला मी सुतक फिटेपर्यंत येता-जाता हात लावून बघत होते, इथेच आहे ना म्हणून.

कौलाच्या दिवशी सकाळी देवळात आम्ही दोघं, सुशीला जाऊबाई, महादू, आणि कुठे कौल असला की न बोलावता येणारा बाबली. महादूने समई लावली, पाषाणावर पाकळ्या चिकटवल्या, हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. ‘बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू परमुलखात कष्टान इला, आज तुझ्या पायांकडे उभा आसा…’ आम्ही म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा.’ बाबली दर वेळी एक श्वास उशिरा म्हणत होता.

मग महादू ह्यांच्याकडे वळला. ‘गंगाराम, काय मागणा ता सांग. जागा खंयची? देवाक गोल गोल बोललेला चलणा नाय.’

ह्यांनी तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं. ह्या माणसाला विचारायची भीती वाटत होती.

कौल चालू असताना बाईमाणूस मध्ये बोलत नाही. मी बोलले. ‘महादूभावजी, थांबा.’

‘वैनी!’ महादू दचकला. ‘गाऱ्हाणा घातलंय मी!’

‘घातलास ता रवांदे. पण भाटाचो प्रश्न देवाक घालू नकात.’ मी ह्यांच्याकडे वळले. ‘आपणाक ठावक नाय ता देवाक इचारूचा. भाटाचा काय होतला ता आपणाक दिसता. माका दिसता, तुमका पण दिसता. विहिरीचा पाणी काल तुमी तोंडात घेवन थुकलास, मी बघलंय. दिसता ता इचारून देवाक कित्याक गोत्यात घालतात? तेणा हो म्हटल्यान तरी पाप, नाय म्हटल्यान तरी पाप.’

समईची वात चरचरत होती. ‘मगे काय इचारू?’ ह्यांनी विचारलं. लहान पोरासारखं विचारलं.

‘ठावक नाय ता इचारा,’ मी म्हटलं. ‘इचारा, ही बाईल सड्यार रवतली, वाऱ्यात, म्हशींवांगडा. मी तिच्यावांगडा रवान काय? ह्या माका ठावक नाय. इतकी वर्सां नाय ठावक.’

हे देवाकडे नाही, माझ्याकडेच बघून म्हणाले, ‘ता देवाक कित्याक इचारूचा? ता माका ठावक आसा.’

जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी पाया पडण्याचं निमित्त करून खाली वाकले ती मला उठवेना.

‘अरे पण मगे ह्या पाकळ्यांचा मी काय करू?’ महादू वैतागून म्हणाला. ‘लावन झाल्यो!’ आणि तेवढ्यात बाबली ओरडला, ‘पडली, पडली! खंयची पडली?’ आम्ही सगळ्यांनी बघितलं तेव्हा एक पाकळी खाली पडलेली होती आणि ती कुठल्या बाजूची ते कुणीच बघितलं नव्हतं. बाबली मला अजून भेटला की विचारतो.

आता सड्यावर घर उभं आहे. चिऱ्यांचं, ठेंगणं, वाऱ्याला पाठ करून बांधलेलं. पंचायतीचा नळ आला, रस्त्याची खडी पडली, आमच्या मागोमाग बाबलीच्या मुलानेही जोतं घातलं. बोटीची खिडकी पडवीत बसवली आहे, तिच्यातून काळा कातळ दिसतो आणि लांबवर कुणाचे तरी काजू. ह्यांनी ती पुसली नाही असा दिवस जात नाही. दाराला माझी कडी आहे. खाडी दिसत नाही. पावसाळ्यात वारा पडला की नुसती ऐकू येते, आणि त्या रात्री मला झोप लागत नाही.

मला घर खालीच हवं होतं. अजून हवंय. संचिता मध्यंतरी आली होती, चहा घेताना म्हणाली, ‘काकू, बरोबर केलंत.’ मी म्हटलं, बाई, बरोबर केलं ते मला माहीत आहे, पण त्याने जिवाला काय वाटतं ते तुझ्या नकाशात कुठे दाखवतेस? तिने माझाही कप उचलून विसळून ठेवला. बरी आहे पोरगी.

भाटात आम्ही जातो अजून. माड आहेत तोवर नारळ आहेत. हे माडांची गळालेली सुकी झापं गोळा करतात, मी खाडीकडे तोंड करून बसते आणि बसून राहते. हे मला घाई करत नाहीत. ऊन उतरलं की झापांचा भारा डोक्यावर घेतात आणि म्हणतात, ‘चल गो, घराक जावया.’

इतकी वर्षं ह्यांनी मुंबईहून निघताना फोनवर सांगितलं, ‘गावाक येतंय.’ घरी येतो असं एकदाही म्हटलं नव्हतं. मी उठते, लुगड्याची माती झटकते आणि ह्यांच्या मागून चढण चढायला लागते.